माहेरच्या हातानं

“तिथं कुणी हात लावू नका,” आक्काची सासू चुलीपासूनच ओरडली. “पहिला हात बापाचा लागला पायजे.”

आण्णांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आत खरवडायची पत्ती होती, पॉलिश पेपर, धुण्याचा सोडा, लांबीचा डबा, रंगाखाली मारायची तेलाची-पाण्याची दोन अस्तरं आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या लाखेच्या चपड्याची बाटली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि भिंतीकडं बघितलं. मीही बघितलं.

माजघराच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या कणगीशेजारी, बसल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर भिंतीला डाग होता. परातीएवढा. भिंत पोपटी डिस्टेंपरची आणि त्या पोपटीच्या आतून तो वर आलेला. मधे काळपट, कडांना पिवळा, खाली ओघळल्यासारखा लांब.

“दोनदा रंग दिला ह्यानं.” सासू, सोनाबाई, पदराला हात पुसत आल्या आणि पोराकडं बोट केलं. “रंग वाळून चार दिस जात न्हाईत तवर ती हाय तिथं. बोलत न्हाई, चालत न्हाई. नुसती बघत बसती.”

“ती कोण?” मी विचारलं.

“यमे,” आण्णा म्हणाले.

“न्हाई, नुसतं विचारते. ती कोण?”

सोनाबाईंनी भिंतीकडं बघून हात जोडले. दाजी चौकटीला टेकून उभा होता. एवढा बाप्या, आणि दाखवायला बसवलेल्या पोरीसारखा अंगठ्यानं जमीन उकरत होता.

मी सांगते ती कोण. ती माझी थोरली बहीण. नाव द्वारका, मी आक्का म्हणायची. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मेली. ‘चार दिवस ताप आला अन् गेली’ असा निरोप आला आणि आम्ही बार्शीहून हिंगणवाडीला पोचलो तोवर सरण पेटवून झालं होतं. बापासाठी थांबले नाहीत. पाऊस भरून आलता म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

आता चैत्र चालला होता आणि वैशाखात दाजीचं दुसरं लग्न होतं. नव्या पोरीचा बाप घर बघायला आला, माजघरात पाणी प्यायला बसला आणि शेजारच्या बाईनं त्याला डाग दाखवला. तो तांब्या तसाच ठेवून उठला. मग देवरुषी आला. त्यानं लिंबू कापलं, नारळ फोडला आणि सांगितलं, बाईचा जीव भिंतीत अडकलाय. माहेरच्या हातानं डाग पुसला तर जाईल. पुसताना सासरच्या माणसानं बघायचं नाही. आणि एवढं करून पुन्हा उठला, तर ती पोरीसाठी आलीय असं समजा. मग पोर ह्या घरात ठेवू नका.

पोर म्हणजे मैना. आक्काची लेक, अजून शाळेत घातली नव्हती एवढी. ती रोज उठून त्या डागाला गाल लावून उभी राहायची. हाक मारली तरी हलायची नाही. घरच्यांची गाळण उडाली होती ती डागापेक्षा तिच्या त्या उभं राहण्यानं.

आक्काच्या दहाव्यालाच आम्ही मैनाला मागितलं होतं. आण्णांनी हात जोडले होते. सोनाबाई म्हणाल्या, “आमचं रक्त हाय. आन् तुमच्याकडं हाय कोण सांभाळायला? ही?”

ही म्हणजे मी. नवऱ्याला सोडून आलेली. आई लहानपणीच गेली होती. घरात बसून लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा मी आण्णांच्या हाताखाली भिंती घासायला लागले. त्याचंही लोकांना दुखलं. बाईमाणूस शिडीवर चढतं म्हणून बार्शीत दोन घरांनी आम्हाला काम दिलं नव्हतं. नवऱ्यानं मारलं तेव्हा ह्यातलं कुणी बोललं नव्हतं.

“आधी च्या घ्या पाव्हणं,” सोनाबाई म्हणाल्या. “मग आमी सगळी मळ्यात जातो. तुमी तुमचं उरका.”

चहा आम्ही बाहेर लिंबाखाली घेतला. घरातलं कुणी जवळ नाही असं बघून मी म्हणाले, “आण्णा, खोबरेल हाय ते.”

“मला म्हाईत न्हाई व्हय?”

कुठल्याही घरात जा, म्हातारा जिथं टेकून बसतो किंवा बाई जिथं केस विंचरते, तिथं भिंतीला तेल धरतं. त्यावर डिस्टेंपर मारा नाहीतर सोन्याचं पाणी मारा, ते वर येणार. आक्का तर माका आणि जास्वंद घालून कढवलेलं तेल लावायची, चपचपीत. त्याचा डाग जायचा तर भिंत आतल्या गिलाव्यापर्यंत खरवडावी लागते, सोड्यानं धुवावी लागते, वाळली की चपडा मारून तेलाचं तोंड बंद करावं लागतं, त्यावर तेलाचं अस्तर, मग खड्डे भरायला लांबी. आण्णांसारखा डाग काढणारा माणूस बार्शीत दुसरा नव्हता. आमच्याच घरात खिडकीखाली आक्काच्या बसायच्या जागेला असा डाग होता. तिच्या लग्नात पाव्हणे येणार म्हणून आण्णांनी तो काढला. तो परत कधी वर आला नाही.

“आण्णा, ऐका,” मी म्हणाले. “वरवर खरवडा. चपडा नको. पाण्याचं अस्तर मारून मोकळं व्हा.”

“मग?”

“मग वैशाखाचं ऊन हाय. लग्नाचा मांडव निघायच्या आत डाग वर येतोय. आन् देवरुषी काय म्हणला? पोर घरात ठेवू नका. आपण मागून दिली न्हाई ती पोर हीच माणसं आणून सोडत्याली.”

आण्णांनी बशी खाली ठेवली. सावकाश ठेवली.

“आन् आक्का?”

“आक्का मेलीय आण्णा.”

“मेलीय. भूत न्हाई झाली.” त्यांनी घराकडं बोट केलं. “ह्यांनी माझ्या पोरीला हडळ केलंय. गावभर केलंय. बसस्टँडवर मला बघून बायका पोरं पदराखाली घेत्यात, तू बघितलं न्हाईस? आज म्या तो डाग काढला तर तिचं नाव तरी सुटंल. न्हाई काढला तर जल्मभर ती हडळ. आन् करणारा कोण? बाप.”

“नाव घेऊन काय करायचंय? पोर हितं ऱ्हायली तर?”

“पोर बापाच्या घरात हाय. खाऊन पिऊन हाय.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “आक्कालाबी काय कमी नव्हतं. पंचमीला मी न्यायला आलो तर सोडली न्हाई, पर बघितली मी डोळ्यानं. हितंच, उंबऱ्यात बसली होती. तोंड कसं गोल झालं होतं. म्हणलं, आक्के, भरलीस गं, सासरचं अन्न मानवलं. तर हसली.”

हे ते सारखं सांगायचे. आक्काची शेवटची आठवण ती, गोल तोंडाची, हसणारी. तेवढ्यावर त्यांनी सहा-सात महिने काढले होते. पण माझ्या मनात होतं ते होतं: नजर चुकली की चपड्याची बाटली लवंडायची.

सगळे मळ्यात गेले. मैनाला सोनाबाईंनी दंडाला धरून ओढत नेलं. ती मागं भिंतीकडं बघत गेली.

आण्णा कोपऱ्यात उकिडवे बसले. एरवी काम सुरू करताना ते पत्ती कपाळाला लावायचे. त्या दिवशी लावली नाही. डागावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला थोडा वेळ. मग पत्ती घातली.

पोपटीचे दोन थर पापुद्र्यासारखे निघाले. त्याखाली जुना चुना. चुनाही तपकिरी. तो निघाला आणि गिलावा लागला. मी कुंच्याला पाणी दाखवत होते. पत्तीचा आवाज थांबला म्हणून वळून बघितलं.

“काय झालं?”

“यमे, हितं ये. बॅटरी धर.”

मी धरली. गिलावा कोरडा, राखाडी असायला पाहिजे. तो काळा होता आणि उजेडात चमकत होता. आण्णांनी पत्तीच्या टोकानं उकरलं. आत काळं. अजून उकरलं. बोटाचं पेर आत गेलं तरी काळं. त्यांनी बोट नाकाला लावलं.

“इतकं?” मी म्हणाले.

“ताप चार दिस आलता म्हणली ही माणसं.”

“रोज टेकून बसत असंल.”

“रोज म्हणजे किती? कामाची बाई ती. भिंतीला टेकायला येळ कुणाला असतो?” ते डागाच्या खालच्या लांब भागावरून बोट फिरवत होते. “हे बघ. वर जुनं हाय. खाली ताजं. डोकं खाली खाली येत गेलंय. बसाय येईना तिला, घसरत गेली ती.”

तेवढ्यात मागच्या दाराशी सावली पडली. मैना. मळ्यातून पळून आली होती, पाय धुळीनं भरलेले. ती तडक कोपऱ्यात आली आणि उकरलेली भिंत बघून थांबली. रडली नाही. खाली पडलेला गिलाव्याचा चुरा तिनं फ्रॉकच्या घोळात घ्यायला सुरुवात केली.

“काय करतीस गं बाळ?” आण्णांनी विचारलं.

“आई हाय ह्यात.” तिनं मूठ त्यांच्या नाकाशी धरली. “बघ आबा, वास येतो.”

आण्णांनी वास घेतला. “आई हितं बसायची?”

“हितंच झोपायची. बसून.”

“बसून कसं झोपायची?”

“असं.” मैनानं कणगीला पाठ लावली, पाय पसरले आणि डोकं मागं टाकून तोंड उघडं करून श्वास घेऊन दाखवला. तो श्वास ती इतका बरोबर घेत होती की मी बॅटरी विझवली. “आडवं झालं की आईला श्वास न्हाई यायचा. आज्जी म्हणायची, नाटकं करतीया, काम नको म्हणून. मग आई उठून भांडी घासायची. मग परत बसायची.”

“कवापासनं गं?”

“बोरं आली तवापासनं.”

मी विचारलं, “बोरं? मग आंबं आलं तेव्हा?”

“तवाबी बसायची. मग पाऊस आला. मग पंचमीला आबा आला. मग गौरी आल्या.” ती बोटं मोडत सांगत होती आणि मधेच तिला काहीतरी आठवून हसू आलं. “आबा, गंमत सांगू? आईचं पाय असं मोठं झालं होतं. बोट दाबलं की खड्डा पडायचा. असा. मी खड्डं पाडायची. मग ते आपोआप बुजायचं. आई म्हणायची, पाड अजून.”

आणि तिनं आण्णांच्या पोटरीवर बोट दाबून दाखवलं. खड्डा पडला नाही. “तुला पडत न्हाई,” ती म्हणाली.

आण्णा उकिडवे होते, ते खाली टेकले. पत्ती जमिनीवर ठेवली.

“सुजली होती,” ते म्हणाले.

“आण्णा...”

“सुजली होती गं ती. आन् मी म्हणलो, भरलीस.”

मैना आमच्याकडं बघत होती, आपण काय चुकीचं बोललो ते शोधत. मी तिला जवळ घेतलं. तिच्या फ्रॉकच्या घोळात तो चुरा, आणि खरंच, वास येत होता. जास्वंद, माका, आक्काची मान.

दवाखाना बार्शीत होता. एसटीनं पाऊण तासावर. बोरांपासून गौरीपर्यंत एक माणूस भिंतीला टेकून श्वास गोळा करत बसला आणि घरातल्या कुणाला एसटी सापडली नाही. आक्कानं स्वतः निरोप का नाही धाडला, ते मला कुणी सांगायची गरज नाही. एक लेक नवऱ्याला सोडून परत आली होती. दुसरीनं कुठल्या तोंडानं यायचं? ती उंबऱ्यात बसून बापाला हसून दाखवत होती आणि बाप तिला भरलीस म्हणत होता.

मळ्यातून दाजीनं हाक दिल्याचं ऐकू आलं, “मैने!” तशी मैना माझ्या मागं लपली. ते लपणं आण्णांनी बघितलं. मीही बघितलं. ते एका दिवसात शिकलेलं लपणं नव्हतं.

आण्णा उठले. पत्ती उचलली, धोतराला पुसली.

“यमे, चपडा पिशवीत ठेव.”

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. “काय?”

“चपडा ठेव आत. सोडाबी. तेलाचं अस्तर नको. लांबी पाण्यात कालव.”

मी बाटली लवंडायला निघाले होते आणि आता तीच हातात घेऊन उभी राहिले. “आण्णा, तुमी म्हणला होता...”

“कालव म्हणतो ना!”

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. मी लांबी कालवली. त्यांनी तेलानं माखलेल्या गिलाव्यावर ती तशीच भरली. भरताना हात इतका हलका, की एखाद्याच्या जखमेवर हळद लावावी. लांबी वाळली. पॉलिश पेपर मारून त्यांनी भिंत अशी गुळगुळीत केली की मैनानं हात फिरवून बघितला. मग पाण्याचं अस्तर, एक हात, दोन हात. पांढरं शुभ्र. दुपार कलता कलता ते वाळलं आणि वरून घरात उरलेला पोपटी. इतकं सुंदर काम मी त्यांचं बघितलं नव्हतं, आणि इतकं खोटंही. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरानं असं अस्तर मारलं असतं तर त्यांनी डबा त्याच्या डोक्यावर ओतला असता.

मैना भिंतीला नाक लावून उभी होती. “गेली,” ती म्हणाली.

आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “न्हाई गेली. थोडा दम धर.”

संध्याकाळी सोनाबाई आल्या. कोपऱ्यात बघितलं आणि कानशिलावर बोटं मोडली. “गेली बाई! बघा, बापाचा हात तो बापाचा हात. न्हाईतर ह्यो आमचा, दोनदा कुंचा मारून दमला.”

“दाजींना एवढं काम झेपलं हेच लई,” मी म्हणाले.

“यमे, तुझी जीभ...” सोनाबाई हसल्या. त्या दिवशी त्यांना माझ्या बोलण्याचाही राग येत नव्हता. “बसा पाव्हणं, जेवूनच जावा. लग्नालाबी या बरं का. मनात काय ठेवू नका.”

“इहीणबाई,” आण्णा म्हणाले. टोपी हातात होती. डोळे त्या बाईच्या डोळ्यांत. “एक बोलून जातो. बापाचं बोलणं हाय, ध्यानात ठेवा.”

“बोला की.”

“लेक माझी हट्टी होती. मी पुसलंय, पर तिचा जीव पोरीत हाय. पुन्हा आली तर...” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “पुन्हा आली तर ती पोरीसाठीच आली समजा. मग मला बोलवू नका. माझ्या हातानं जायची न्हाई. आन् तुमच्या नव्या सुनंला, तिच्या पोटच्याला काय झालं तर माझ्यावर बोल नको.”

सोनाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दाजी मान वर करून बघायला लागला, सबंध दिवसात पहिल्यांदा.

सकाळी लिंबाखाली जो माणूस भूत नाही झाली म्हणून भांडत होता, त्यानं संध्याकाळी स्वतःच्या तोंडानं आपल्या पोरीला भूत केलं. ह्या लोकांनी तिला हडळ म्हटलं ते अर्धवट होतं, कुजबुजीत होतं. बापानं म्हटल्यावर ते पक्कं झालं.

एसटी चुकली म्हणून आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. फाट्यावर हापशाखाली त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, पिशवीतला सोडा काढून चोळला.

“आण्णा, कातडी निघंल. पुरे.”

“वास जाईना,” ते म्हणाले. आणि मग हात तसेच नाकाशी धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिले, गाडी येईपर्यंत.

डाग वर आला. लग्नातली हळद नव्या सुनेच्या अंगावरून उतरली नव्हती तेवढ्यात आला, आणि पहिल्यापेक्षा मोठा. पाण्याच्या अस्तराखालून तेल पसरलं होतं. आम्हाला ते ठाऊकच होतं. सुनेनं माजघरात पाय ठेवायला नकार दिला आणि दाजी मैनाला घेऊन बार्शीला आला. आत आला नाही. फाटकाशी कपड्यांचं गाठोडं ठेवलं, पोरीला आत ढकललं आणि म्हणाला, “सांभाळा.” आण्णा त्याला काही बोलले नाहीत. मी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण गल्लीतल्या बायकांनी दारं लावून घेतली एवढं सांगते.

बातमी मैनाच्या आधी बार्शीत पोचली होती. तुळशीराम पेंटरची लेक उठली. बापाच्या हातानंही गेली नाही. लोक आण्णांना चहाच्या टपरीवर विचारायचे, “काय हो पेंटर, केली का न्हाई शांत पोरीला?” आण्णा कपात फुंकर मारून म्हणायचे, “हुईल.” लग्नघरांनी त्यांना रंगाला बोलावणं सोडलं. त्यांनी एकदाही, एकाही माणसाला सांगितलं नाही की ते खोबरेल होतं. सांगितलं असतं तर हिंगणवाडीला कळलं असतं, आणि मैना परत गेली असती. मेले तेव्हाही हडळीचा बाप म्हणूनच मेले. आज हिंगणवाडीत सगळं घर पाडून स्लॅबचं झालंय. म्हणून मी लिहिते आहे: माझी बहीण कुणाच्या मानगुटीवर बसली नव्हती. ती श्वासासाठी बसली होती.

पण मला सांगायचंय ते मैना घरी आली त्या दिवसाचं.

गाठोडं उंबऱ्यात तसंच होतं. ती घरभर फिरली. प्रत्येक भिंतीशी जायची, गाल लावायची, नाक लावायची, पुढच्या भिंतीशी जायची. मला कळलं ती काय शोधते. मी धावत जाऊन बाजारातून जास्वंद आणली, माका आणला, खोबरेल कढवलं, आक्का कढवायची तसंच. वाटी तिच्यापुढं धरली. तिनं वास घेतला आणि वाटी बाजूला सारली.

“हे तेल हाय,” ती म्हणाली. “आई न्हाई.”

मग आण्णांकडं वळली. “आबा, आई हितंबी ऱ्हात होती ना? हितं कुठं बसायची?”

आण्णांनी खिडकीखाली बोट दाखवलं. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं अजून. माझ्या आलं. मैना तिथं उकिडवी बसली, भिंतीला नाक घासलं. भिंत पांढरी, गुळगुळीत, आक्काच्या लग्नाला केलेली.

“न्हाई येत,” ती म्हणाली.

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. ते उठले, खुंटीवरची पिशवी काढली, पत्ती घेतली आणि स्वतःच्या भिंतीत घातली. मी म्हणाले, “आण्णा, नका.” त्यांनी ऐकलं नाही. रंग निघाला. मैनानं नाक लावलं आणि मान हलवली. लांबी निघाली. तेलाचं अस्तर निघेना, ते त्यांनी दगडासारखं घट्ट बसवलं होतं. पटाशी आणून फोडलं. त्याखाली चपड्याचा तांबूस थर, काचेसारखा. तोही काढला. त्याखाली सोड्यानं धुतलेला गिलावा, कोरडा, राखाडी, चोख.

“न्हाई येत आबा.”

“थांब,” ते म्हणाले. पटाशी विटेवर आपटत होती, तांबडी धूळ त्यांच्या मिशांवर, मैनाच्या केसांवर बसत होती. “थांब जरा. असंल आत. मीच काढला होता, पर एवढा कसा निघंल? थांब.”

मैना वाट बघत उभी राहिली, नाक पुढं करून.